भाऊजी जेवून गेले होते

ताई गेल्याचा फोन तिच्या मुलीनं, वर्षानं केला, तेव्हा मी गोंदियाला शाळेत वर्गावर होते. महिना होऊन गेला, पण जीव थाऱ्यावर नाही. दुःख आहेच... त्याखाली आणखी काहीतरी टोचत राहतं.

मला शिकायला गोंदियाला ठेवायचा हट्ट ताईचाच. सुट्टीत मी तिच्या घरी, सौंदडला जायची. १९९९ साली भाऊजी गेले, त्या सकाळीही मी तिथंच होते. मळणीच्या मजुरांवरून दोघांचं वाजलं. भाऊजींनी समोरचं वाढलेलं ताट दूर सारलं आणि यंत्राचा पट्टा आणायला उपाशीच मोटरसायकल काढली. कोहमाऱ्याच्या फाट्यावर ट्रकनं उडवलं. वर्षा तेव्हा रांगत होती. तेरवीनंतर ताई मला म्हणाली, "तो दिवस मले इसरायचा हाय. तूबी त्याचा विषय काढू नको." कुणी विषय काढलाच, तर ती उठून विहिरीवर जायची आणि धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायची.

वर्षा दहावीला असताना एकदा ताई तिला सहज सांगत होती, "तुह्या बाबाले त्या दिवशी वांग्याची भाजी केली होती. भात दोनदा मागून घेतला. हसतच गेले." मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. ती खोटं बोलत नव्हती. ते भांडण तिनं इतक्या नेटानं पुसलं होतं, की रिकाम्या जागी हा भात येऊन बसला. भांडण पुसायला घेतलं तेव्हा हा भात नव्हताच, मग तो पुसला कसा जाणार? त्या भातावर ती जगत होती.

दिवसकार्य आटोपल्यावर ताईच्या स्वयंपाकघरात डबे आवरताना वर्षानं विचारलं, "मावशी, बाबा जेवून गेले होते ना?"

"काऊन विचारून राहिली?"

"शेवटी तापात आई सारखी म्हणायची, ताट उचला... ताट उचला."

मग मी सगळं सांगितलं. वर्षा बराच वेळ हातातला डबा पुसत राहिली. "मग ते ताट कोणी उचललं?"

मला आठवेना. आठवू गेले, तर वाकून दुसऱ्यांदा भात वाढणारी ताई दिसली. भातावरची वाफसुद्धा दिसली, आणि भाऊजी हसत होते. मी तर काहीच विसरायचं ठरवलं नव्हतं...

"ठाऊक नाही गं," म्हटलं आणि अंगणात आले. तिथंही उभं राहवेना.