सलोमीआत्याचा समेटाचा शनिवार

बार्शीत माझ्या सासरी फोन नाही. शेजारच्या आडत दुकानात आहे, आणि तिथला हमाल घाईघाईने आमच्या दाराशी आला की मी हातातलं काम टाकून उठते. मागच्या महिन्यात एका सकाळी तो तसाच आला. "ताई, सोलापूरवरनं फोन हुता. तुमची आत्या गेली म्हनं." सलोमीआत्या बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती. तरीही एसटीत बसल्यावर डोळ्यांना जी धार लागली ती वैरागपर्यंत थांबेना. शेजारची बाई बिचारी पदराने मला वारा घालत होती. वैराग मागे पडलं आणि मला एकाएकी शांतव्वाची आठवण होऊन फस्सकन हसू आलं. त्या बाईने वारा घालायचं थांबवलं आणि ती जरा सरकून बसली. तिला तरी काय सांगणार... सलोमीआत्याविषयी सांगायचं तर सुरुवात भांडणापासूनच करावी लागते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होती. उंच, सावळी, ताठ चालणारी, आणि आवाज असा खणखणीत की गिरणीत कामाला असलेले माझे वडील म्हणायचे, "अक्का असल्यावर गिरणीला भोंगा कशाला पायजे?" तिने लग्न केलं नाही. चर्चमागच्या चाळीत दोन खोल्यांत ती एकटी राहायची. तिची श्रद्धा पक्की होती आणि राग त्याहून पक्का. दूध पातळ आलं म्हणून गवळ्याशी, उपदेश लांबला म्हणून पाळकसाहेबांशी, पेटी बेसूर वाजवली म्हणून पेटीवाल्याशी, असं तिचं महिनाभर कुणाशी ना कुणाशी वाजतच असे. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला घेऊन ख्रिस्ताच्या मरणाची आठवण करायची. त्याआधी पाळकसाहेब न चुकता बजावायचे, की कुणाविषयी मनात अढी ठेवून या मेजापाशी येऊ नका, आधी समेट करा. आम्ही बाकीचे लोक हे ऐकायचो आणि माना डोलवायचो. आत्या मात्र आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, इस्त्रीची साडी नेसून समेट करायला बाहेर पडायची.

चाळीत याला समेटाचा शनिवार असं नावच पडलं होतं. गवळी तर त्या दिवशी वाट बघत बसे, कारण आत्या क्षमा मागायला येताना शेंगाची चटणी घेऊन यायची. पण एका शनिवारी तिचा हिशेब चुकला. शेजारी शांतव्वा राहायची. तिच्या नवऱ्याचं किराणा दुकान होतं, आणि ती घरात कन्नड व अंगणात मराठी बोलायची. आत्या तिच्या दारात गेली आणि हात जोडून म्हणाली, "शांतव्वा, महिनाभर माझ्या मनात तुमच्याविषयी राग होता. मला क्षमा करा." आता शांतव्वाला या रागाचा पत्ताच नव्हता. "अय्यो! राग? कशाचा हो बाई?" आत्याने खरं ते सांगितलं, की तुम्ही सकाळी सडा घालता ते पाणी आमच्या उंबऱ्यात येतं. "उतार तुमच्याकडं हाय तर मी काय करू की! पान्याला दोरी बांदू?" झालं. क्षमा मागायला गेलेली आत्या तासभर तिथे भांडली, संध्याकाळी त्या भांडणाची क्षमा मागायला परत गेली, तिथे पुन्हा उताराचा विषय निघाला, आणि रविवारी चर्चची घंटा व्हायच्या आत चटणीची अख्खी बरणी देऊन प्रकरण मिटलं. शांतव्वा पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती, "ह्या बाईचा राग परवडला, माफी न्हाय परवडत."

दुष्काळ नुकताच सरला होता त्या वर्षी मी आत्याच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बसू लागले. प्रभुभोजनात पहिल्यांदा भाग घेण्याआधी हा वर्ग करावा लागे. तिच्या पडवीत चटईवर आम्ही सातआठ जण, आणि समोर ती. त्रैक्य समजावताना इतर शिक्षक नाना उदाहरणं देत. आत्या म्हणायची, "बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा तिघं असून एक कसे, हे मला पूर्ण कळलेलं नाही. एवढं कळलंय की तिघांत कधी तूतू-मैंमैं झालेली नाही. म्हणून तो देव, आणि आपण दोघं असलो तरी कपाळमोक्ष." कृपेचा धडा तर मी जन्मात विसरणार नाही. व्याख्या पाठ करून यायची होती: योग्यता नसताना मिळालेली देवाची दया. मी घोकून घोकून गेले आणि धडाधड म्हणून दाखवली. आत्याने मान हलवली, डबा उघडला आणि शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या शेजारच्या मुलीला दिला. तिने एक अक्षर पाठ केलं नव्हतं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, पाठ मी केलंय की!" "तुला दिला असता तर ती मजुरी झाली असती," आत्या म्हणाली. "तिला दिला, ही कृपा. राग आला ना? आता कळायला लागलं बघ." लाडू मलाही मिळाला, पण सगळ्यांच्या शेवटी.

अशी ही आत्या, पण त्या काळात ती स्वतः प्रभुभोजन घेत नव्हती. तबक तिच्यापाशी यायचं, ती ते दोन्ही हातांनी धरायची आणि पुढच्याकडे द्यायची. वर्ष होऊन गेलं होतं. कारण सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. माझी आजी वारली त्या दिवशी माझे वडील कबरस्तानात उशिरा पोचले. शवपेटी खाली उतरवून झाली होती, आणि आत्या सगळ्यांसमोर कडाडली, "आईला पोचवायलासुद्धा सवड न्हाय मिळाली व्हय रे शमू?" वडिलांनी मूठभर माती टाकली, वळले, आणि तेव्हापासून बहिणीशी बोलायचेच थांबले. ते चर्चला यायचे, पण आमच्याबरोबर शेवटच्या बाकावर बसायचे आणि तबक यायच्या आत उठून जायचे. आत्या दर महिन्याच्या त्या शनिवारी आमच्याकडे यायची. पुढच्या दाराने ती आली की वडील मागच्या दाराने बाहेर. कधी गाठ पडलीच तर ती म्हणायची, "शमू, मी बोलले ते चुकलं. पण तू वेळेवर यायला पायजे हुतंस." तो 'पण' ऐकला की वडील चपला घालायचे. माझं प्रभुभोजन जवळ आलं तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. ज्या दोघांनी मला शिकवलं, वाढवलं, त्यांपैकी एकही माझ्याबरोबर भाकर घेणार नव्हतं... आणि आत्याचं तर याहून वाईट. मला त्या मेजापर्यंत आणून सोडणारी ती, आणि स्वतः हात आवरून बसणार. एकदा वर्ग संपल्यावर ती मला म्हणाली होती, "करुणा, तुझ्या शेजारी बसून घ्यायचं लई मनात हाय गं." आत्याच्या तोंडी असा पडका आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर विकत आणत नाहीत. पाळीपाळीने एकेका घरी ती करतात. गव्हाच्या पिठाची, बेखमीर, तव्यावर भाजलेली. माझ्या रविवारी पाळी नेमकी आमची आली. आदल्या दिवशी आईने पीठ काढलं, आणि डाळ उतरवताना तिच्या हातावर वाफ आली. हाताला फोड. मला तशी भाकर येत नव्हती. तेवढ्यात नेहमीप्रमाणे आत्या पुढच्या दाराने आली आणि नेहमीप्रमाणे वडील मागच्या दाराने गेले. आत्याने आईचा हात बघितला, पदर खोचला आणि पाटावर बसून पीठ मळायला घेतलं. आई आत्याला कधी उलटून बोलली नव्हती, पण त्या दिवशी हळूच म्हणाली, "वन्सं, एक विचारू? तुमी पोरांना शिकवता, लाडू आदी द्यायचा. मग ह्यांना माफी द्यायच्या आदी तुमी त्यांच्याकडनं कबुली का मागता?" आत्याचे हात पिठातच थांबले. "मी कुटं मागती? मीच तर माफी मागाया येती." "येता की. पण दर येळी 'पण' घिऊन येता."

आत्याने ताटातलं पीठ पुढे ओढलं. आता ही चिडणार, असं वाटून मी आईकडे बघत राहिले. ती चिडली नाही. तिने पीठ मळलं, पोळपाटावर पहिली भाकर लाटली, तव्यावर टाकली. भाजल्याचा वास सुटला. बहीण गेली असेल असं समजून वडील मागच्या दाराने आत आले, आणि थेट चुलीपुढे बसलेल्या बहिणीसमोर उभे राहिले. परत फिरता आलं असतं, पण त्यांना वाट देऊन मी पुन्हा मागच्या दारातच बसले होते, आणि खरं सांगायचं तर मी हलले नाही. आत्या तव्याकडे बघतच म्हणाली, "शमू, त्या दिशी मी तुला चारचौघांत बोलले. मला क्षमा कर." आणि थांबली. आम्ही तिघंही 'पण'ची वाट बघत होतो. भाकर करपायला लागली. आत्याने ओठ असे घट्ट मिटले होते की तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. तो 'पण' आलाच नाही.

वडील खाली बसले. म्हणाले, "अक्का, मी उशिरा न्हवतो आलो. तुमच्या आदी आलतो. भिंतीच्या भायेर उभा हुतो... पाय आत जाईना. आईला खड्ड्यात उतरवताना बघवंना मला." आत्याने पिठाच्या हाताने तोंड झाकलं. मग दोघंही रडले, आई रडली, मी रडले, आणि करपलेली भाकर वडिलांनीच चिमट्याने उचलून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी मी मध्ये, एका बाजूला वडील आणि दुसऱ्या बाजूला आत्या असे एकाच बाकावर बसलो. तबक आलं. आत्याने तुकडा उचलला, आणि मगच तबक पुढे दिलं. आणि उपासना संपून पायऱ्या उतरतो न उतरतो तोच वडील म्हणाले, "भाकर जाड झालती अक्का." "मग तू लाटायची हुतीस की!" चर्चच्या आवारात दोघांचं असं जुंपलं, आणि आत्याचा चेहरा असा फुलला, की मला ती बारा वर्षांची पोर वाटली. वर्षभरानंतर तिचा भाऊ तिच्याशी भांडत होता.

आत्याच्या शेवटच्या आजारपणात वडील रोज गिरणीतली पाळी संपली की तिच्याकडे जायचे. मी मध्ये एकदा भेटायला गेले तेव्हा पुनरुत्थानावर चर्चा चालली होती. देह नवा होऊन उठणार यावर तिचा गाढ विश्वास होता. ती म्हणाली, "गुडगे नवीन मिळनार मला." वडील म्हणाले, "गुडगे मिळू देत, जीभ जुनीच मागून घे. न्हायतर आमी वळकायचं कसं?" त्यावर ती खोकला येईपर्यंत हसली. मग केमचा विषय निघाला. दोघांचं लहानपण केम या गावी गेलं होतं. मळ्यातल्या विहिरीवर झाड कुठलं होतं यावरून वाद पेटला. आत्या म्हणे कडुलिंब, वडील म्हणे बाभूळ. "आईनं झोका बांदला हुता त्याला. बाभळीला कुनी झोका बांदतं व्हय रे?" "काटं मला टोचल्याती, तुला न्हाय!" दोघंही इरेला पेटले होते. मी बार्शीला परतले तरी तो वाद चालूच असल्याचं आईकडून कळत होतं, आणि तो मिटायच्या आतच आत्या गेली.

गेल्या आठवड्यात वडिलांबरोबर तिच्या खोल्या आवरायला गेले. खाट, चटई, भिंतीवरचा साधा क्रूस. वडील खाटेच्या कडेला बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत. मला जुनी भीती वाटली. एकदा या माणसाने एका शब्दापायी वर्षभर तोंड मिटलं होतं, आणि आता तर बोलायला समोर कुणी नाही. मी म्हणाले, "बाबा, झाडाचं भांडण तसंच राहून गेलं हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं. "ऱ्हायलं कशानं? आमची आई बी वर तितंच हाय की, तिलाच इचारू." मग उठून खाट भिंतीला लावता लावता म्हणाले, "फक्त एक घोळ झालाय बघ करुणा. अक्का आदी गेली. मी जाईपतूर तिनं आईला कडुलिंबच हुता म्हनून पटवून ठिवलेलं असनार."