दादूची दुनळी आणि गुणाबाई

गुणाबाईला कुणी भांडखोर म्हणालं तर मी आजही त्याच्या अंगावर धावून जाईन. भांडखोर होते ते तिचा नवरा दादू आणि धाकटा दीर काशिराम. तिच्या वाट्याला आलं ते त्या दोघांचं भांडण इकडून तिकडे वाहायचं काम. मी त्यांची शेजारीण, अंगण एकच, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालायचं.

कर्नाळ्याच्या पायथ्याला दोघांची शेतं लागून होती. मधला बांध कुणाचा यावरून जुंपली आणि रागाच्या भरात दोघांनी गावदेवीपुढे नारळावर हात ठेवून शपथ घेतली, जो आधी बोलेल त्याने बांध सोडायचा. झालं! सख्खे भाऊ मुके झाले. काही सांगायचं असलं की गुणाबाईला सांगायचं. समोरचा हाताच्या अंतरावर उभा असला तरी तिने ते पुन्हा म्हणून दाखवायचं, तेव्हाच त्याला ऐकू आलं असं धरायचं. ती भाकऱ्या थापत असो की तापाने फणफणत असो, यांचे निरोप सुरूच. तिच्या बापाच्या तेराव्यालाही त्यांनी तिला सोडलं नाही. मला तर वाटे, दोघांनाही त्या बांधातच गाडावं.

अठ्ठावन्न साल असेल. रानडुकरांनी काशिरामचं भात पार लोळवलं. त्याने पनवेलच्या कचेरीत खेटे घालून बंदुकीचा परवाना मिळवला, पण बाजारात जुनी बंदूक काही मिळेना. इकडे दादूला आपली दुनळी बंदूक काढून टाकायची होती. तो आताशा मिठागरावरच असायचा आणि बंदूक तिथल्या झोपडीत नुसती टांगलेली. शेवटी निरोपानिरोपी होऊन सौदा ठरला.

भर दुपारी दादूने बंदूक अंगणात खाटेवर ठेवली आणि पाठ फिरवून उभा राहिला. काशिरामने आधी नळीला जीभ लावली. त्याचाही जन्म मिठागरावर गेलेला, चाटल्याशिवाय त्याला कशाचा भरवसा नसे.

"वैनी, त्याला सांग, खारट हाय. मिठानं खाल्लीय."

"खारट हाय म्हनतो," गुणाबाई सुपात तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली.

"त्याला सांग, त्याची जीभच खारट हाय," दादू म्हणाला. तिने तेही सांगितलं.

काशिरामने बंदूक उघडली, एक डोळा मिटून नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. आत गंजाचे डाग होते. दस्त्यावरून नख फिरवलं, तर एक चीर लाखेने बुजवलेली सापडली. प्रत्येक खोट वैनीच्या तोंडून भावाला ऐकवून झाली. मग त्याने बंदूक मिटली, कानाशी नेली आणि नारळ हलवून बघतात तशी हलवली. बिजागरी झिजली की नळी मागे घट्ट बसत नाही, आणि मग बार उडवणाऱ्याच्याच तोंडावर येतो. झिजलेली असती तर ती खुळखुळली असती. ही खुळखुळली नाही, तेव्हा काशिरामचा चेहरा जरा निवळला.

खुळखुळणार कशी? दादूने बिजागरीत डब्याचा पत्रा कापून ठोकला होता. हे गुणाबाईलाही ठाऊक नव्हतं. भावाने बंदूक रानात न्यावी, पुढे त्याचं नशीब, असा त्या मेल्याचा हिशेब. समोरच काही घडेल हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"वैनी, त्याला सांग, हितंच एक बार काढून बघतो. मग घेतो," म्हणत काशिरामने खिशातून काडतूस काढून भरलं.

दादू गर्रकन वळला. "गुणा, त्याला सांग, नको उडवू."

गुणाबाईने सूप खाली ठेवलं. "तुमी सांगा."

"अगं सांग त्याला!"

"तुमाला तोंड नाय? मी नाय सांगायची. आजपासून नाय."

काशिरामला हे ऐकू गेलं नसेल? चांगलं गेलं. पण गुणाबाईने सांगितलं नाही म्हणजे ऐकू आलं नाही, हा त्यांचा कायदा. त्याने दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला आणि चिंचेच्या शेंड्यावर नेम धरला. घोडा मागे ओढल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"काशा, टाक ती! तोंड फुटंल तुजं!"

काशिरामने बंदूक खाली घेतली. काडतूस बाहेर काढलं, कोयत्याच्या टोकाने बिजागरी उचकटली आणि पत्र्याचा तुकडा तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला. मला भाबडीला वाटलं, आता हा भावाच्या गळ्यात पडेल, नाहीतर त्याचा गळा तरी धरेल.

तो गुणाबाईकडे वळला. "वैनी, त्याला सांग, बांध माजा."

गुणाबाईने सूप उचललं आणि ती घरात गेली.

बांध काशिरामनेच नांगरून घेतला. गुणाबाईने मरेपर्यंत पुन्हा कुणाचा निरोप नेला नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांना तोंडावर शिव्या देऊ लागले, अगदी आईबापापर्यंत. चुलीपुढे बसून ती ते ऐकायची, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला हसताना दिसली.