डॉल्फिनची शिक्षा

आमची नीरजा लग्न होऊन भुसावळहून झाशीला आली, तेव्हा माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, तिला स्कूटरवरून सिविल लाइन्स दाखवायला घेऊन गेला. एका सरकारी इमारतीवर ‘शिक्षा विभाग’ अशी पाटी होती. ती वाचून नीरजानं विचारलं, “तुरुंग आतच आहे का?” हिंदीतली शिक्षा म्हणजे आपलं शिक्षण, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्या एका प्रश्नावर आमच्या घरानं कित्येक वर्षं करमणूक करून घेतली. मीही त्यात मागे नव्हतो. थोरल्या दिराला तेवढा हक्क असतोच.

आता तीच नीरजा इलाइट चौराह्यावर चष्म्याच्या दुकानाच्या वर ट्रॅव्हल कंपनी चालवते. कंपनी म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि निवृत्तीनंतर रेल्वेनं तिच्या गळ्यात बांधलेला मी. वैष्णोदेवी, रामेश्वरम, खजुराहो या तिच्या नेहमीच्या सहली. तिला खोटं बोलता येत नाही, हा धंद्यातला मोठाच दोष. “होटल अच्छा है, पर लिफ्ट नहीं है, अम्माजी के घुटने देख लीजिए,” असं ती आपणहून सांगते. मी कपाळाला हात लावतो. गंमत म्हणजे तीच माणसं पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

गेल्या थंडीत जवळच्या मोठ गावच्या बाजारातले धान्याचे अडते मुकेशजी आले. मुलं, सुना, भाऊबंद अशा अख्ख्या खटल्याला आखाती देशांची सहल हवी होती. एवढी मोठी, तीही परदेशातली सहल नीरजाला पहिल्यांदाच मिळत होती. तिचा आनंद पाहून मी स्वतः खाली जाऊन समोसे आणले.

ती सहल दिल्लीच्या एका बड्या कंपनीकडून घ्यायची होती. त्यांचं माहितीपत्रक आलं. त्यात पाण्यातून उसळी मारून चेंडू झेलणाऱ्या डॉल्फिनचं चित्र होतं आणि खाली ओळ होती: ‘यहाँ डॉल्फिन को बचपन से शिक्षा दी जाती है.’ अशी संधी मी सोडतो होय! “नीरजा, बघ गं,” मी म्हणालो, “इथे माशांनाही शिक्षा देतात!”

ती हसेल असं वाटलं होतं. तिनं कागद हातात घेतला, ओळ वाचली आणि विचारलं, “कशाबद्दल, भाऊजी?”

तिनं तिथल्या तिथे दिल्लीला फोन लावला. पलीकडे निशांत नावाचा गोडबोल्या तरुण होता. डॉल्फिन राहतात कुठे, हौद केवढा, खेळ दिवसातून किती, असं ती विचारत गेली. शेवटी म्हणाली, “और न खेलें तो?”

“तो मछली नहीं मिलती, मैडम,” निशांत हसला. “पेट भरा हो तो कौन काम करता है?”

फोन ठेवून नीरजा म्हणाली, “मग मी वाचलं तेच बरोबर. आणि भाऊजी, मासे नाहीत ते. पिल्लांना दूध पाजतात.” तिनं तो खेळ सहलीतून काढून टाकला आणि त्याऐवजी खुल्या समुद्रात बोटीची फेरी घातली. तिकडे डॉल्फिन दिसतात, पण दिसले तर.

मला रागच आला. हातातोंडाशी आलेला घास! “अगं, तू नाही नेलंस तर दुसरा कुणी नेईल,” मी म्हणालो.

“नेऊ दे. मी नेणार नाही.”

“निदान त्यांना सांगू तरी नकोस. तिथे गेल्यावर बघू.” यावर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं चहा सांगायला निघून गेलो.

मुकेशजी आल्याबरोबर तिनं सांगूनच टाकलं. “काहे?” त्यांचा आवाज चढला. “बच्चे तो उसी के लिए जा रहे हैं! हमारी पोती कल्याणी तो रोज़ वही रट लगाए है.”

नीरजानं सगळं समजावलं, निशांतचं बोलणंसुद्धा. मग जरा लाजत म्हणाली, “भैयाजी, हमारी मराठी में शिक्षा का मतलब सज़ा होता है.”

मी मनातल्या मनात सहलीवर तुळशीपत्र ठेवलं. तेवढ्यात मुकेशजी एकदम खो खो हसले आणि स्वतःचा कान पकडून आपल्या बुंदेलीत म्हणाले, “अरे मैडम, हमाए मास्साब के इतै सोई दोई एकई बात हती!” त्यांच्या मास्तरांकडेही शिक्षण आणि शिक्षा एकच होती म्हणे. हसू ओसरल्यावरही ते तो कान चोळतच होते.

“ठीक है, नाव की सैर ही रखिए,” ते म्हणाले. “पर डॉल्फिन नहीं दिखी, तो सारे बच्चे आपकी दुकान पर बैठा जाऊँगा.”

“दिखेगी, ऐसा वादा नहीं करती,” नीरजा म्हणाली. मी पुन्हा कपाळाला हात लावला.

बोटीच्या दिवशी ती सकाळपासून फोन समोर ठेवून बसली होती. एकच तिकीट तिनं तीनदा तपासलं. दुपारी फोन वाजला, तसा तिनं स्पीकर लावला.

“मैडम,” मुकेशजी म्हणाले, “सुबह से घूम रहे हैं. एक भी नहीं दिखी.”

नीरजाचा चेहरा उतरला. “बच्चे बहुत नाराज़ हैं?” तिनं हळूच विचारलं.

“नाराज़? कल्याणी सबको बता रही है कि आज डॉल्फिन के स्कूल की छुट्टी है!” मागे पोरांचा नुसता गलका चालला होता.

नीरजाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसायलाही लागली. “उससे कहिए, भैयाजी,” ती म्हणाली, “वहाँ रोज़ ही छुट्टी रहती है.”