उसाच्या फळीवर मुरगळलेला घोटा

मी सांगलीला फिजिओथेरपीच्या कॉलेजात पावलाची रचना शिकवतो. घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल वर उचललेलं असलं की रुंद भाग पाचरीसारखा घट्ट बसतो. बोटं खाली झुकली की अरुंद भाग खोबणीत येतो, सांधा सैल पडतो आणि पाय आत मुरगळतो. हे मी इतकी वर्षं सांगतोय, की झोपेतसुद्धा आकृती काढून दाखवीन.

यंदा कुंडलला आमच्या उसाला तोड आली. तोडकऱ्यांच्या टोळीतली एक बाई डोक्यावर मोळी घेऊन तिरक्या लावलेल्या फळीवरून ट्रॉलीत चढायची आणि रिकामी झाली की ट्रॉलीकडेच तोंड करून, उलटी खाली यायची. मला काही ते बघवेना. शिकलेल्या माणसाला गप्प बसणं जड जातं. मी तिला थांबवून घोट्याचं सगळं समजावलं आणि समोर बघून नीट कसं उतरायचं, हे दाखवायला स्वतः फळीवर चढलो.

उतरताना तिसऱ्या पावलाला बोटं खाली झुकली आणि पुढचं सगळं माझ्या व्याख्यानात असतं तस्संच घडलं. पाचटात पडल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, की उलटं उतरल्यामुळे तिची बोटं चढाकडे, वरच राहत होती आणि पाचर प्रत्येक पावलाला घट्ट बसत होती.

तिने ओलं फडकं आणून माझा घोटा आवळून बांधला. गाठ मारता मारता तिने शांतपणे विचारलं, "मालक, पोरांना तुमी ह्येच शिकवता व्हय?"