आईच्या वाट्याची बेरी

बाबांची अँजिओप्लास्टी झाली आणि आईने तूप करणं बंद केलं. कोपरीतल्या आमच्या घरी दर शनिवारी लोणी कढायचं. जिन्यात वास आला की शेजारपाजारच्यांना कळायचं, आज शनिवार. आता साठवलेली साय भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या डब्यात जाऊ लागली.

बाबांना भेटायला येणाऱ्यांनी आगीत तेल ओतलं. शहाळी घेऊन यायचे, सोफ्यावर टेकायचे आणि म्हणायचे, "वहिनींच्या हातचं साजूक तूप अंगाशी आलं म्हणायचं." हसत हसतच म्हणायचे. आई तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली असायची. एकेकाला शहाळ्यासकट जिन्यावरून खाली पाठवावं असं मला वाटायचं.

आईने बाबांबरोबर जेवायला बसणं सोडलं. त्यांना बिनफोडणीचं वरण आणि उकडलेला दुधी वाढायची, ते उठेपर्यंत थांबायची, आणि मग ओट्यापाशी उभ्यानेच दोन घास खायची. लग्न झाल्यापासून ही दोघं रात्रीचं जेवण एकत्र जेवत आलेली. बाबा म्हणायचे, "अगं, बस की." ती म्हणायची, "मला भूक नाहीये." ती वाळत चालली होती, आणि बाबांना दुधीपेक्षा तेच जास्त जड जात होतं.

गंमत म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा हिशोब यकृत ठेवतं, आणि माझं कामच यकृतावरचं. घोडबंदर रोडवरच्या ट्रॅफिकमधून सुटले की दिवसभर प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींमध्ये डोकं घालून बसते. त्या पेशींच्या केंद्रकात काही प्रथिनं असतात, त्यांना आम्ही न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणतो. पेशीत चरबी किती, कोलेस्टेरॉल किती, पित्त किती याचा त्यांना सुगावा लागतो आणि त्याप्रमाणे ती जनुकं चालू-बंद करतात. आईचं मात्र इतकी वर्षं "लिव्हरचं काहीतरी करते" एवढ्यावर भागत आलं होतं.

मी आता वेगळी राहते; एका रविवारी कोपरीला गेले तेव्हा तिला ओट्यापाशीच गाठलं.

"आई, कोलेस्टेरॉल नुसतं ताटातून येत नाही. बरंचसं यकृत स्वतः बनवतं."

"आणि मी वरून वाढलं."

"ऐक तरी. गच्चीवरच्या टाकीत बॉल असतो ना? टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी थांबतं. यकृतात तसेच बॉल असतात. कोलेस्टेरॉल फार झालं की एकाला कळतं. तो म्हणतो, काढा हे पित्तातून बाहेर. पित्त पुरेसं झालं की दुसरा म्हणतो, आता बास."

"मग यांचा बॉल बिघडला म्हण की."

"बॉल का आणखी काही, ते मलाही सांगता येणार नाही. डॉक्टरांना वाटतंय की रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढून घेणारी दारंच बाबांच्या यकृताला जन्मापासून कमी असावीत. हे घराण्यातून येतं. म्हणून तर मलाही तपासून घ्यायला सांगितलंय."

"आणि तूप?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पण जमेना. "तुपाने भर पडली असेल थोडी," मी म्हटलं. आईने माझ्या एवढ्या मोठ्या व्याख्यानातलं हे एकच वाक्य ऐकलं आणि नळ सोडून भांडी विसळायला लागली.

रक्त घ्यायला लॅबचे काका घरी आले, तेव्हा माझं झाल्यावर मी आईचा हात पुढे ओढला. "यांचंही घ्या."

"माझं कशाला?"

"तू याच घरात जेवतेस ना?"

रिपोर्ट आले. माझं कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं निघालं. मी अंगाने काडी, कॉलेजपासून तुपाला शिवलेली नाही, सकाळी ओट्स खाते आणि वर त्याचा तोराही मिरवते. मला वाटलं, आता तरी आईला पटेल. तर ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "तू पण माझ्याच हातचं खाऊन वाढलीस ना गं."

माझा पाराच चढला. मी दुसरा कागद तिच्यापुढे आपटला.

"हा बघ."

तिने चष्मा लावला. सगळे आकडे जिथल्या तिथे. "कुणाचा आहे?"

"तुझा."

"चुकलं असेल त्यांचं."

"आई, या घरात बेरी कोण खातं?"

तिने चष्मा काढला. तूप गाळल्यावर पातेल्याच्या तळाशी राहते ती तपकिरी, तुपात माखलेली बेरी. तूप आमच्या पानात पडायचं आणि बेरी आईच्या वाट्याला यायची. साखर घालून, चमच्याने खरवडून, डोळे मिटून खायची ती. वर त्याच पातेल्यात गरम पोळी फिरवून उरलंसुरलं पुसून घ्यायची. माझ्या आठवणीत तिचा असा एकही शनिवार चुकलेला नाही.

"मीच," ती हळूच म्हणाली.

"आपल्या तिघांत सगळ्यात जास्त तूप तुझ्या पोटात गेलंय, आणि तुझ्या यकृताने ते गुपचूप निस्तरलंय. आम्हा दोघांच्या यकृताला ते जमत नाही. मला हे बाबांच्या नाकाबरोबर मिळालंय, तुझ्या पातेल्यातून नाही."

एका बाईच्या एका रिपोर्टवरून प्रयोगशाळेत मी असं काही बोलले असते, तर सगळे मला हसले असते. पण समोर आई होती, आणि पुरावा म्हणून तिला तिचंच रक्त लागणार होतं.

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "नाक दिलं त्याचं काही नाही, पण हे नव्हतं द्यायचं मला." मग ते आत आले. आई रडत होती, आवाज न करता, कागद मांडीवर धरून. बाबा तिच्याशेजारी बसले. "येत्या शनिवारी तूप कढव," ते म्हणाले. "तू खा. मी गोळी घेईन आणि वास घेईन."

शनिवारी मी मुद्दाम कोपरीला गेले. जिन्यातच वास आला. आत टेबलावर बाबांच्या पानात उकडलेला दुधी होता. त्यांच्यासमोर आईचं पान होतं, आणि त्याच्या कडेला साखर घातलेली बेरी. ती खाली बघून खात होती. बाबा जेवायचं सोडून तिच्याकडे बघत बसले होते.