सातवीनंतरच्या बाई

तुमच्या शिक्षकांचं काम निकालाच्या दिवशी संपतं, असं तुम्हाला खरंच वाटतं?

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई एरंडोलकडच्या खेड्यात शिकवतात. तिथली शाळा सातवीपर्यंतच. निकाल लागला की त्या सातवीच्या प्रत्येक मुलीच्या घरी, तिला पुढे हायस्कूलला पाठवा म्हणून सांगायला जातात. कुणी अडचण सांगितली की "मग?" एवढंच विचारून बघत राहतात. यंदा त्यांची स्कूटर बिघडली, म्हणून मी सोडायला गेलो.

शेवटच्या घरी मुलीचे आजोबा अडले. "पोरगी हुशार शे बाई, पन हायस्कूल दूर शे."

"मग? बठ्ठ्या पोरी, सगळ्याच्या सगळ्या, सायकलवर जातस, आबा."

"आमनी पोरले सायकल येत नही."

"मग?" म्हणत बाईंनी पदर खोचला, शेजारची सायकल ओढली, मुलीला बसवलं आणि त्या कॅरिअर धरून धावत सुटल्या. मुलगी दोनदा पडली. तिसऱ्यांदा बाईंनी गुपचूप हात सोडला आणि ती थेट देवळापर्यंत एकटी गेली. अख्खी गल्ली ओट्यावर उभी राहून ओरडत होती.

आबा हसले. "जाई ती. शाळा कधी उघडस, बाई?"

शिक्षकांना हार-शाल देऊन मोकळे होऊ नका. तुमच्या गावच्या बाईंना, सरांना आजच विचारा, कुणाची पोरगी घरी बसणार आहे, आणि त्यांच्यासोबत त्या घरी जा.