गालातला खर्रा
ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पेशंटला विचारायचं, "रात्रीपासून काही खाल्लं का?" तो म्हणतो, "काहीच नाही जी." हे तो एका गालाने बोलतो, कारण दुसऱ्या गालात खर्रा असतो. आमच्या भंडाऱ्याकडे खर्रा खाण्यात धरतच नाहीत. पोह्याचा दाणा पोटात नाही म्हणून शपथा घेतील आणि तंबाखू-सुपारीचा घोटलेला गोळा हिरडीजवळ दाबून टेबलावर चढतील. पूर्ण भूल दिली की माणसाला खोकायचंही भान राहत नाही. तो गोळा श्वासनळीत उतरला तर खेळ खलास. हे सांगितलं की वर आम्हालाच समजावतात, "सिस्टर, थोडासाच तर आहे."

म्हणून मी बॅटरी घेऊन तोंडं तपासते. जिभेखाली, ओठाच्या आत, अक्कलदाढेच्या मागे. एका रिटायर गुरुजींना मी साऱ्या वॉर्डासमोर ट्रेमध्ये थुंकायला लावलं होतं. मागून मला काय काय म्हणतात ते ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

मग माझ्याच नवऱ्याच्या पित्ताशयात खडे निघाले. हे वरठीला कारखान्यात जातात. मोटरसायकलच्या डिक्कीत लायसन सापडणार नाही, खर्ऱ्याची पन्नी हमखास सापडेल. ऑपरेशन माझ्याच वॉर्डात ठरलं. आठ दिवस आधी यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून खर्रा सोडला आणि मी अक्कलशून्य बाई, वॉर्डभर सांगत सुटले की आमच्याकडे बंद आहे.

त्या सकाळी मी यांचा फॉर्म भरायला घेतला. अंगठी काढली, रक्तगट लिहिला, मग 'तोंड तपासले' हा रकाना आला. बाजूच्या खाटेवरचा दिघोरीचा म्हातारा टक लावून बघत होता. बॅटरी खिशातच होती. पण बायको नवऱ्याला "आ करा" म्हणते, हा तमाशा वॉर्डाला महिनाभर पुरला असता. मी बरोबरची खूण केली, सही ठोकली अन् स्ट्रेचर आत पाठवलं.

भुलीचे डॉक्टर इंजेक्शन भरत होते. माझ्याच हाताखाली शिकलेल्या नव्या सिस्टरने, फॉर्मवर माझी सही दिसत असूनही, यांचं तोंड उघडायला लावलं. डाव्या गालातून बोराएवढा गोळा निघाला. त्या दिवसाचं ऑपरेशन रद्द झालं. तिने तो ट्रे बाहेर आणून माझ्यासमोर ठेवला आणि परत आत गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

यांना खाटेवर परत आणल्यावर मी तुटून पडले. "मेले असते तुम्ही. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलता? थुंकायला काय झालं होतं?"

हे छताकडे बघत म्हणाले, "मले भेव लागून राहिलं होतं, म्हणून घेतला थोडासा. तू सगळ्यायचं तोंड पाहते, माहं बी पाहशीन, तवा थुंकून टाकीन म्हटलं. तू पाह्यलंच नाही. मले वाटलं, तुले दया आली असन, समजूनच सोडलं असन."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं. तो रकाना नव्या सिस्टरने भरला. मला फक्त लाज वाटली होती, हे यांना मी अजून सांगितलेलं नाही.